बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा आणि चाळीस हजारांचं कॉमिक

पत्र थोडक्यात: पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. वडील छापखान्यात तीसेक वर्षं प्रूफरीडर होते, मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात दीडेकशे मराठी पुस्तकं आहेत आणि एका ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे पन्नास-साठ अंक, जे ते मुलांसाठी आणायचे. ठाण्याच्या धाकट्या भावाने काहींचे फोटो ऑनलाइन टाकले. एका माणसाचा मेसेज आला की वेताळच्या अमुक अंकात रंग सरकलेत, हा मिसप्रिंट आहे, चाळीस हजार येतील, फक्त आधी दीड हजार 'व्हेरिफिकेशन फी' भरा. आणखी एका अंकाला दोन कव्हरं आहेत. १९५४ सालच्या एका कादंबरीत सोळा पानं उलटी शिवली गेलीत, शिवाय त्या माणसाच्या मते तिच्यात पानोपानी अनुस्वारांच्या चुका आहेत, म्हणून ती 'रेअर'. आणि जवळपास प्रत्येक पुस्तकात वडिलांनी समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केल्यात, कॉमिक्समध्ये मात्र एकही खूण नाही. भावाचं म्हणणं, पेन्सिल खोडून टाकू म्हणजे भाव येईल. ताईंचे प्रश्न असे: छपाईच्या चुकीने खरंच किंमत वाढते का, पेन्सिल खोडायची का, आणि ज्या माणसाने जन्मभर चुका काढल्या त्याच्या घरातल्या चुकाच विकायच्या हे बरं दिसतं का. शेवटी एक छोटा प्रश्न, मुलीने मागवलेल्या नव्या पुस्तकात सोळा पानं कोरी निघालीत, परत करायचं की जपून ठेवायचं.

ताई,

आधी भावाला फोन करा आणि सांगा की खोडरबर हातात घेऊ नकोस आणि ते दीड हजार भरू नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, कपाट कुठे पळून जात नाहीये.

फीचं आधी संपवते. खरा घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत नेमका हाच प्रकार इतका वाढला होता की २०२१ साली रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं, कारण बँकेचंच नाव वापरून कमिशन, टॅक्स, फी असं काहीबाही उकळलं जात होतं. कॉमिक्सवाल्याची फी त्याच घरातली. भावाने अजून भरली नसेल तर बरंच झालं, भरली असेल तर मेसेज आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर तक्रारीच्या १९३० नंबरवर लगेच कळवा, आणि त्यावरून त्याला बोलू नका, वडील गेल्यावर कपाटात हात घालणं कुणालाच सोपं नसतं, प्रत्येकजण काहीतरी करत सुटतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे आणि ती खूप जण धरतात, की चूक म्हणजे दुर्मिळ आणि दुर्मिळ म्हणजे महाग. हे आपल्या डोक्यात बसलंय ते तिकिटांमुळे. १९१८ साली अमेरिकेत २४ सेंटच्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं, तसल्या शंभर तिकिटांचा एकच शीट बाहेर पडला, आणि २०२३ मध्ये त्यातलं एक तिकीट वीस लाख डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडचं १८५४ चं चार आण्याचं तिकीटही असंच, काहींवर राणीचं डोकं उलटं आहे. दोन्हीकडे कारण एकच, दोन रंगांचं काम म्हणून कागद दोनदा मशीनवर जायचा आणि दुसऱ्या वेळी कुणीतरी तो फिरवून लावला. पण तिकीट आणि नोट छापताना तपासणी कडक असते, चुकलेला कागद तिथेच नष्ट करतात, त्यामुळे बाहेर सुटलेली चूक हीच बातमी असते. पुस्तकाचं तसं नाही ना ताई, चूक नसलेलं पुस्तक शोधायला गेलं तर आपलं आयुष्य जाईल, आणि हे तुमच्या बाबांना आपल्या दोघींपेक्षा चांगलं माहीत होतं. मराठीत तर आपण याला मुद्राराक्षस असं नावच देऊन ठेवलंय, इतका तो घरचा.

मग पुस्तकांच्या जगात चुकीची एवढी चर्चा का होते? कारण तिथे चुकीचा उपयोग ओळखपत्रासारखा होतो. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक घ्या, जून १९९७, लंडन, पुठ्ठा बांधणीच्या फक्त पाचशे प्रती. त्यात ५३ व्या पानावर शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची कांडी दोनदा आलीये आणि मागच्या कव्हरवर पुस्तकाच्या नावातच एक अक्षर गळलंय. २०२१ च्या शेवटी अशी एक प्रत ४ लाख ७१ हजार डॉलरला गेली आणि सगळीकडे फिरलं की 'स्पेलिंग मिस्टेकमुळे करोडो'. पण तीच दोनदा आलेली कांडी पहिल्या पेपरबॅक प्रतींमध्येही आहे आणि त्या याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणजे पैसे कशाचे मिळाले? त्या पाचशेतली एक असण्याचे, आणि जगभर त्या पुस्तकावर जीव लावलेल्या पिढीच्या हातात आता पैसा आलाय त्याचे. कांडीने फक्त साक्ष दिली की हो, ही त्याच छपाईतली. गॅट्सबीचंही तसंच, म्हणजे 'द ग्रेट गॅट्सबी' या इंग्रजी कादंबरीचं, १९२५ च्या पहिल्या जॅकेटच्या, म्हणजे वरच्या सुट्या कागदी कव्हरच्या, मागच्या मजकुरात नायकाच्या नावाचं पहिलं अक्षर लहान पडलं होतं, ते हाताने दुरुस्त केलेलं दिसतं, आणि जाणकार आधी तेच बघतात.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत हे असं का व्हायचं तेही सांगते, कारण तुमच्या कपाटाशी त्याचा थेट संबंध आहे. जुळाऱ्याने खिळे जुळवले, प्रूफ निघालं, प्रूफरीडरने तपासलं, फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या पानांचा गट, मशीनवर चढला आणि छपाई सुरू झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे इथे काना राहिला. मशीन थांबवून खिळा बदलला, पण आधी छापलेले कागद फेकायचे कसे, कागद महाग, ते तसेच बांधणीला गेले. १६२३ साली शेक्सपिअरची नाटकं एकत्र छापली त्यात हे इतक्या वेळा झालं की प्रतीप्रतीत फरक आहेत आणि अभ्यासकांनी त्या एकमेकींशेजारी ठेवून वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या. म्हणजे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत एका शब्दाचा फरक दिसला तर तिथे कुतूहल ठेवायला जागा आहे. पण भावाला ज्याचं कौतुक वाटतंय तो उलटा शिवलेला फर्मा हा वेगळा प्रकार आहे. तो झाला बाइंडरच्या टेबलावर, त्या एका प्रतीपुरता. त्याने पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही, आवृत्ती ओळखता येत नाही, फक्त वाचताना पुस्तक फिरवावं लागतं. जुन्या पुस्तकांचा कुठलाही विक्रेता याला खोट धरतो आणि भाव कमी करतो. पानं सगळी आहेत ना एवढं मोजून घ्या, फर्मा उलटा असला तरी प्रत पूर्ण आहे हे सांगता आलं तर तोटा कमी होतो.

आता टिंबांबद्दल, आणि इथे मला मनापासून वाईट वाटलं. त्या माणसाने पानोपानी चुका आहेत म्हटलं ते 'कां', 'नाहीं', 'मुलानें', 'घरीं' असले अनुस्वार असणार, १९५४ ची कादंबरी म्हटल्यावर दुसरं काय असणार. त्या चुका नाहीत ताई, ते तेव्हाचं शुद्धलेखन. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे नवे नियम सरकारने मान्य केले आणि हे न उच्चारलेले अनुस्वार गेले. तुमच्या बाबांच्या कामाच्या आयुष्यातला केवढा मोठा बदल असेल हा, काल जे टिंब दिलं नाही म्हणून प्रूफवर खूण करायची, आज तेच टिंब दिलं म्हणून खूण करायची. जुन्या पुस्तकांत त्यांनी त्या टिंबांवर खूण केलीये का बघा बरं. केली नसेल तर समजा की ते ज्या काळचं पुस्तक त्या काळच्या नियमाने वाचत होते, आणि असं वाचणारा माणूस साधा नसतो.

कॉमिक्सकडे येऊ. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं, आणि या सव्वीस वर्षांत रंग सरकणं हा प्रकार इतका नेहमीचा की ज्यांनी ते लहानपणी वाचले त्यांना वेताळच्या ओठांचा लाल रंग गालावर असणं हेच नॉर्मल वाटायचं. निळा, लाल, पिवळा आणि काळा या चार रंगांचे ठसे एकावर एक बरोब्बर बसले तर चित्र नीट, एक जरी केसभर हलला तर बाहेर. छापखानेवाले म्हणतात रजिस्ट्रेशन हललं. स्वस्त कागद, झपाट्याची छपाई, हजारो प्रती, त्यामुळे एका अंकात रंग सरकलाय याची संग्राहकाला काही नवलाई नाही, उलट त्याच अंकाची स्वच्छ प्रत मिळाली तर तो आधी ती घेईल. जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्येही असंच आहे, साठच्या दशकातल्या मार्व्हलच्या अंकांच्या कडेला कापण्याच्या बोथट पात्यामुळे छोटे छोटे टवके गेलेत. चूक छापखान्यातलीच, वाचणाऱ्याने काही केलेलं नाही, तरी भाव उतरतोच. आणि स्पायडरमॅनच्या १९६३ च्या पहिल्या अंकात पीटर पार्करचं आडनाव चक्क पामर पडलंय, पण ते प्रत्येक प्रतीत आहे, त्यामुळे त्या चुकीचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

आणि एक सांगू, वेताळचा जांभळा रंग! वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम, त्याचा जनक ली फॉक याच्या मनात त्याचा पोशाख करडा होता, १९३६ पासून त्याची चित्रपट्टी काळ्या-पांढऱ्यात यायची, १९३९ ला रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा तो जांभळा होऊन आला आणि तसाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. हल्कचंही असंच, १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा आहे, पण तो करडा रंग पानापानावर वेगळा उतरायला लागला म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. पहिला अंक महाग आहे तो हल्क पहिल्यांदा त्यात आला म्हणून. करड्या रंगाच्या घोळाचं त्यात फार काही नाही. मला या गोष्टी फार आवडतात, म्हणून सांगितल्या, भावालाही सांगा.

चूक खरंच भाव खाते अशी जागा कॉमिक्समध्ये आहे, नाही असं नाही. छापून झाल्यावर प्रकाशकाने परत मागवलेले अंक, ते. १९९८ मध्ये मार्व्हलच्याच वुल्व्हरिन या कॉमिकच्या १३१ व्या अंकात एका शब्दाच्या जागी चुकून ज्यू लोकांना शिवी असलेला शब्द छापला गेला, अंक परत मागवला, जे बाहेर राहिले त्यांना लोक शोधतात. याचं सर्वात जुनं प्रसिद्ध उदाहरण १६३१ चं लंडनचं बायबल, 'व्यभिचार करू नकोस' मधला नकार गळाला आणि आज्ञा झाली व्यभिचार कर. मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला, प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला, आता जेमतेम वीसेक उरल्यात. इथे तीन गोष्टी जुळल्यात बघा, चूक कुठली ते सगळ्यांना ठाऊक आहे, प्रती मुद्दाम कमी केल्या गेल्या, आणि घ्यायला माणसं उभी आहेत. तुमच्या सरकलेल्या रंगात यातलं एकही नाही. चाळीस हजार विसरा.

दोन कव्हरांचा अंक मात्र बाजूला ठेवा. बांधणीच्या वेळी दोन कव्हरं एकाला एक चिकटून एकाच पिनेत गेली की असं होतं, बाहेरचं धूळ-घाम-कोपरे सगळं सोसतं आणि आतलं नवंकोरं राहतं, म्हणून संग्राहकांना ते आवडतं, ही चूक अंकाचं रक्षण करते. पण दोन्ही कव्हरं त्याच मूळ पिनेत आहेत का ते बघा, नंतर कुणी दुसऱ्या फाटक्या अंकाचं कव्हर वर चढवलेलं असलं तर त्याला काही अर्थ नाही. पिना गंजल्या असतील तरी उपसू नका, भोकं वाढतात. यालाही लाखाची स्वप्नं नकोत, पण त्या ट्रंकेत चुकीमुळे थोडं जास्त मिळवून देईल असा एक अंक असेल तर तो हाच. बाकीच्या अंकांचा भाव क्रमांक, वर्ष आणि अवस्था यावर ठरेल. चौसष्ट-पासष्टचे सुरुवातीचे अंक असतील तर घाई अजिबात करू नका.

भाव बघताना ऑनलाइन लावलेली किंमत बघायची नाही, कितीला विकलं गेलं ते बघायचं. लावायला काय, कुणी पाच लाख लावेल. मी पूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'दुर्मिळ मिसप्रिंट' म्हणून एक मराठी पुस्तक घेतलं, घरी येऊन बघते तर एक अख्खा फर्मा गायब, मिसप्रिंट वगैरे काही नाही, अपूर्ण प्रत. तेव्हापासून मी आधी पानं मोजते, मग आवृत्तीचं पान बघते, आणि शुद्धिपत्र आहे का ते शोधते. हे शेवटचं तुम्हीही करा. जुन्या मराठी पुस्तकांत पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे रकाने केलेली ती चिठ्ठी कधी चिकटवलेली असते, कधी नुसतीच सरकवलेली, आणि झटकताना पडून जाते. पडली तर त्याच पुस्तकात परत ठेवा.

पेन्सिलीबद्दल मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. साधारण नियम असा की समासातल्या खुणांनी भाव कमी होतो, लेखकाच्या किंवा नामवंत माणसाच्या असल्या तरच वाढतो. बाजारात बाबांचं नाव कुणाला माहीत नसणार. पण खोडून काय हातात येईल याचा हिशोब भावाने केलाय का? साठ-सत्तर वर्षांचा पिवळा कागद रबराने घासला की पृष्ठभाग निघतो, पांढरट डाग पडतो, पेन्सिलीचा दाब तर तिरप्या उजेडात दिसतोच, म्हणजे खूण असलेलं पुस्तक जाऊन घासलेलं पुस्तक उरतं, आणि ते खूण असलेल्यापेक्षा स्वस्त. नुसत्या पैशाच्या बाजूनेही हे चुकीचंच ठरतं.

आणि दुसरं, ही पुस्तकं बाबा ज्या छापखान्यात होते तिथलीच आहेत का? असतील तर त्या खुणा नुसता छंद नसू शकतो. पुस्तक छापून आल्यावर राहिलेल्या चुका काढून पुढच्या आवृत्तीसाठी दुरुस्तीची प्रत तयार ठेवायची पद्धत होती. हे तपासता येतं. एक पुस्तक निवडा ज्याची नंतरची आवृत्ती निघाली आहे, ती ग्रंथालयातून आणा, आणि बाबांनी जिथे खूण केलीये ती ओळ नव्या आवृत्तीत बघा. दुरुस्ती झालेली दिसली, आणि एकदा नाही दहा ठिकाणी दिसली, तर त्या पुस्तकाचा मजकूर कसकसा बदलत गेला याचा इतिहास तुमच्या घरात आहे, त्याला एखादं जुनं ग्रंथालय किंवा मराठीचा अभ्यासक नक्की बघेल. तुमच्याकडे पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ चं, भावाकडे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं, दोन्हीकडे जाऊन विचारा. नुसती पुस्तकं देतो म्हणू नका, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्याकडे रोजच येत असतील. मुद्रितशोधकाच्या खुणांच्या प्रती आहेत, बघता का, असं विचारा, आणि दोन पानांचे फोटो सोबत न्या.

तुमचा तिसरा प्रश्न, बरं दिसतं का. मला वाटतं बाबांनी याचं अर्धं उत्तर देऊन ठेवलंय. पुस्तकांत एवढ्या खुणा करणाऱ्या माणसाने कॉमिक्समध्ये एकही केली नाही, आणि त्यात चुका दिसल्या नसतील हे शक्यच नाही. ती मुलांची होती, म्हणून हात लावला नाही. तेव्हा कॉमिक्स तुम्हा दोघांची आहेत, हवी ती ठेवा, नको ती विका, त्यात संकोच कशाला. पुस्तकं त्यांची आहेत, ती त्यांच्या खुणांसकट एकत्र कुठे राहतील ते आधी बघा, आणि भाव नंतर.

ज्यांच्या घरी असंच काही निघालंय त्यांनी सेलोटेप, लॅमिनेशन, रबरबँड यातलं काहीही करू नये, डांबरगोळ्या पुस्तकाला चिकटवून ठेवू नयेत, कॉमिक्स आडवी ठेवावीत, आणि पावसाळ्यात ट्रंक जमिनीवर नको, खाली दोन विटा घाला. चुकलेल्या पानाचा आणि आवृत्तीच्या पानाचा फोटो काढून ठेवावा. फोटोवरून किंमत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मी पण फोटोवरून किंमत सांगत नाही.

मुलीचं कोऱ्या पानांचं पुस्तक बिनधास्त बदलून घ्या. तिला सोळा पानांची गोष्ट वाचायची आहे, ती तिला मिळाली पाहिजे.

आणि भावाला एखाद्या रविवारी पुण्याला बोलवा, ग्रंथालयातली नवी आवृत्ती त्याच्या हातात द्या, बाबांची तुम्ही धरा, तुम्ही खूण वाचा आणि त्याने ओळ बघून सांगायचं, झाली का दुरुस्ती. बाबा प्रूफ असंच तपासत असतील, एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा बघतो. काय निघालं ते मला लिहून कळवा, मी वाट बघतेय.